थंड पावसाच्या बेटावर तंबू घेऊन जाताना

जुलैत लोहगडावर चिंब भिजायचं, विंचूकाट्यावर वारा खायचा, खाली टपरीवर गरम भजी हाणायची आणि ओल्या कपड्यांनिशीच लोकल पकडून घरी यायचं, असे पावसाळे ज्याने काढलेत त्याला पावसाचं भय उरत नाही. उलट भिजलो नाही तर ट्रेक झाल्यासारखा वाटत नाही. न्यूझीलंडच्या राकिउरा बेटावर तंबू घेऊन जायचं मनात असेल, तर ही सवय मात्र घरीच ठेवून जावी लागते. आपल्याकडे भर पावसातही हवा बावीस-चोवीस अंशांची असते. राकिउरावर ती ऐन उन्हाळ्यातही दहा अंशांवर येऊ शकते, वर दक्षिण महासागरावरून येणारा वारा. अशा हवेत दोन तास ओल्या अंगाने चाललं की आधी हुडहुडी भरते, मग बोबडी वळते, हाताला बुटाची नाडी सोडवता येत नाही आणि सोबतचा माणूस उगीचच चिडचिड करू लागतो. ही हायपोथर्मियाची सुरुवात असते. म्हणून या बेटासाठी सामान निवडताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: ही भिजली तर काय होईल? किंमत, वजन, रंग, मित्राचा सल्ला हे सगळं त्यानंतर.

राकिउरा म्हणजे नकाशातलं स्ट्युअर्ट आयलंड. न्यूझीलंडची दोन मोठी बेटं सगळ्यांना माहीत असतात. हे तिसरं, दक्षिण बेटाच्याही खाली, फोव्हो सामुद्रधुनीच्या पलीकडे, ४७ अंश दक्षिण अक्षांशावर. पुढे काही निर्जन बेटं सोडली तर थेट अंटार्क्टिका. बेटावर गाव एकच, ओबन. वस्ती साधारण चारशे. गाडीरस्ता गावाभोवती काही किलोमीटर, मग संपतो. बेटाचा सुमारे ८५ टक्के भाग २००२ सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय संस्थेने या बेटाला काळोख्या आकाशाच्या अभयारण्याचा दर्जा दिला. माणसांपेक्षा कीवी पक्षी जास्त असलेली ही जागा. इतरत्र रात्रीच बाहेर पडणारा कीवी इथे कधी कधी भरदिवसाही चरताना दिसतो, आणि बरेचसे लोक येतात ते त्याच्यासाठीच.

पावसाचा आकडा फसवा आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ओबनला साधारण सोळाशे. वाचून हायसं वाटतं. पण मुंबई आपला पाऊस चार महिन्यांत उरकते, ओबनला तो बाराही महिने थोडा थोडा पडत राहतो. ‘पाऊस संपल्यावर जाऊ’ असा महिनाच तिथे नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला उन्हाळा. दुपारचं तापमान सोळा-सतरा अंश, आणि डिसेंबरात रात्री साडेनऊनंतरही उजेड. पहिल्यांदा जाणाऱ्याने याच काळात जावं. दिवस मोठा असला की वाटेत उशीर झाला तरी तंबू अंधारात लावायची वेळ येत नाही.

वाट कुठली घ्यायची हे आधी ठरवा, कारण सामान त्यावर ठरतं. राकिउरा ट्रॅक ही न्यूझीलंडच्या ‘ग्रेट वॉक’ मालिकेतली वाट, ३२ किलोमीटरची, तीन दिवसांची. ओबनपासून पाच किलोमीटरवरच्या ली बे इथे ती सुरू होते. तिथे किनाऱ्यावर बोटीच्या नांगराच्या साखळीचं प्रचंड शिल्प उभं आहे. दक्षिण बेट ही माउईची होडी आणि राकिउरा तिचा नांगर, ही माओरी कथा त्यामागे आहे. वाटेवर पोर्ट विल्यम आणि नॉर्थ आर्म अशा दोन हट, म्हणजे मुक्कामाच्या झोपड्या, आणि माओरी बीच, पोर्ट विल्यम, नॉर्थ आर्म असे तीन तंबूतळ आहेत. दोन्हींचं आरक्षण वर्षभर सक्तीचं असतं आणि ते न्यूझीलंडच्या संवर्धन खात्याच्या संकेतस्थळावर करावं लागतं. या खात्याला तिथे सगळे ‘डॉक’ म्हणतात. गडावर जागा दिसली की तंबू टाकला, हा प्रकार इथे चालत नाही. आणि तंबूचं आरक्षण असलेल्याने पाऊस आला म्हणून हटमध्ये पथारी पसरायची, हेही नाही.

दुसरी वाट नॉर्थ वेस्ट सर्किट, १२५ किलोमीटर, नऊ ते अकरा दिवस. तिचा चिखल प्रसिद्ध आहे. गुडघ्यापर्यंत पाय जातो असं लोक सांगतात तेव्हा ते रंगवून सांगत नसतात. ही वाट अनुभवी माणसांची. या लेखात तिचा विचार केलेला नाही. मधला एक मार्ग मात्र आहे: ओबनहून वॉटर टॅक्सीने फ्रेशवॉटर नदीतून आत जायचं आणि सपाट दलदली मैदानातून पश्चिम किनाऱ्यावरच्या मेसन बेला चालत जायचं. कीवी दिसण्याची शक्यता तिथे चांगली. पण ती होडी भरतीच्याच वेळी नदीत वर जाऊ शकते, त्यामुळे वेळ तुमच्या सोयीने ठरत नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता तयारीतला जो भाग आपली माणसं हमखास विसरतात, तो आधी घेऊ: सामान धुणं. न्यूझीलंडच्या विमानतळावर जैवसुरक्षेची तपासणी असते, आणि वापरलेले बूट, तंबू, काठ्या हे सगळं प्रवेशाच्या अर्जात जाहीर करावं लागतं. जाहीर न केलेली जोखमीची वस्तू सापडली तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. जाहीर केली आणि मळकी निघाली, तर बहुधा धुऊन परत देतात, पण पुढचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही. त्यांची धास्ती खरी आहे. हजारो किलोमीटरवरून आलेलं गवताचं एक बी किंवा मातीतली बुरशी त्यांच्या जंगलाला महाग पडू शकते.

तेव्हा निघण्याच्या आठवडाभर आधी एक दुपार यासाठी काढा. बूट नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने तळव्याची एकेक खाच घासा. सह्याद्रीची तांबडी माती टाचेजवळच्या खाचांत आणि तळवा जिथे वरच्या कातड्याला चिकटवलेला असतो त्या फटीत वाळून घट्ट बसलेली असते. ती पाण्याने भिजवून दाभणाने टोकरली तरच निघते. नाडी पूर्ण काढा, जीभ बाहेर ओढा. तिच्या दुमडीत आणि मोज्यांच्या विणीत कुसळं अडकलेली असतात. ती धुऊन जात नाहीत, एकेक चिमटीने उपटावी लागतात. तंबू गच्चीवर उलटा करून झटका, कोपऱ्यांत सुकलेली पानं आणि मुंग्या निघतील. मेखांवरची माती घासा, बुटावरून पोटरीपर्यंत चढवायच्या गेटर्सचं व्हेल्क्रो कंगव्याने विंचरा, काठ्यांची टोकं पुसा, सॅकचे सगळे कप्पे उलटे करा. मग सगळं उन्हात खडखडीत वाळवा. ओलं सामान स्वच्छ असलं तरी तपासणाऱ्याच्या मनात शंका येते.

खाण्याचंही तसंच. खाऊचं प्रत्येक पाकीट जाहीर करायचं; जाहीर केल्याबद्दल दंड कधीच होत नाही. मध न्यायचाच नाही. दुधाची मिठाई, तूप, बिया, मोड येतील अशी कडधान्यं यांच्या भानगडीत पडू नका. तिथल्या शहरांत भारतीय किराणा मिळतो. घरची चकली, चिवडा बंद पाकिटात असेल तर दाखवा आणि ते ठरवतील ते मान्य करा.

तंबूबद्दल थोडं सविस्तर, कारण ऑनलाइन खरेदीत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. आपल्याकडे पवनेच्या काठावर किंवा काशिदच्या किनाऱ्यावर जे तंबू लावलेले दिसतात, ते बहुतेक एका कापडाचे असतात आणि वर टोपीएवढा पडदा. दव अडवायला ते ठीक. आडव्या पावसात मात्र पाणी त्या टोपीखालून जाळीत शिरतं. राकिउरासाठी दुहेरी तंबू हवा: आतला हवेशीर, आणि बाहेरचा पडदा चारही बाजूंनी जमिनीपासून चार बोटांवर येणारा. दारापुढे दोघांना पुरेसा मोकळा ओटा हवा, म्हणजे ओले बूट आणि सॅक दाराबाहेर पण पडद्याच्या आत राहतील. कापडाच्या जलरोधकतेचा आकडा मिलिमीटरमध्ये दिलेला असतो, हायड्रोस्टॅटिक हेड या नावाने. पडद्याला दोन-तीन हजार आणि तळाला त्याहून जास्त असावा. पण आकड्यापेक्षा शिवणी बघा. दुकानात तंबू आतून उजेडाला धरा. प्रत्येक शिवणीवर चकचकीत पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. पट्टी नसेल तर पाच हजारांचं कापडही सुईच्या भोकांतून ठिबकणारच.

दांड्या अ‍ॅल्युमिनियमच्या घ्या. फायबरग्लासची दांडी वाऱ्यात उभी चिरते आणि तिचे काटे पडद्याला भोकं पाडतात. दोन माणसांचा असा तंबू दोन ते अडीच किलोंत मिळतो. त्याहून हलका घ्यायला हरकत नाही, पण दर शंभर ग्रॅममागे किंमत उडी मारते आणि कापड नाजूक होत जातं. पहिल्या बेटासाठी एवढी ओढाताण करण्यात अर्थ नाही. तंबूसोबत येणाऱ्या गोल तारेच्या मेखा बाजूला ठेवा. मऊ, भुसभुशीत जमिनीत त्या लोण्यातल्या सुरीसारख्या निघून येतात. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या, वीतभर लांब मेखा वेगळ्या विकत घ्या. ताणाच्या दोऱ्या पिशवीत पडून राहतात, त्या पहिल्या रात्रीपासून सगळ्या बांधा. वारा रात्री अडीच वाजता सुटतो तेव्हा उठून बांधायची इच्छा कुणालाच नसते.

एक गोष्ट विकत घेण्याआधी विचारा: हा तंबू आधी बाहेरचा पडदा उभा करून लावता येतो का? काही तंबूंत आतलं कापड आधी उभं करावं लागतं, आणि पाऊस चालू असेल तर पडदा चढेपर्यंत आत तळं झालेलं असतं. पडदा आधी लागणारा असेल तर सॅक त्याच्याखाली ओढून, कोरड्यात बसून आतला भाग अडकवता येतो. असा नसेल आणि नवा घेणं जमत नसेल, तर लावण्याचा सराव इतका करा की दोघांना मिळून पाच मिनिटं पुरतील. घराच्या गच्चीवर, बागेच्या पाइपने मित्राला पाणी मारायला सांगून. हसतील लोक, हसू द्या. तंबूखाली प्लॅस्टिक अंथरणार असाल तर ते तंबूच्या तळापेक्षा सगळ्या बाजूंनी थोडं आखूड कापा. बाहेर राहिलेली कड पडद्यावरून ओघळणारं पाणी झेलते आणि थेट तुमच्या पाठीखाली आणते. सकाळी आतल्या बाजूला दमट थेंब दिसले तर तंबू गळतो असं समजू नका. तो तुमच्याच श्वासाचा ओलावा असतो. थंडी वाजते म्हणून सगळी दारं-झरोके बंद केले की तो वाढतो. वरचे झरोके उघडे ठेवायचे.

स्लीपिंग बॅगवरच्या तापमानाने अनेकांना गारठवलंय. प्रमाणित बॅगवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. एक्स्ट्रीम म्हणजे माणूस गोठून मरणार नाही एवढीच हमी, झोपेचा त्याच्याशी संबंध नाही. स्वस्त बॅगांवर मोठ्या अक्षरांत छापलेला शून्य हा बऱ्याचदा तो आकडा असतो किंवा नुसताच आकडा असतो. कम्फर्ट शून्य ते पाच अंशांच्या दरम्यान असलेली बॅग राकिउराच्या उन्हाळ्याला पुरते. आतलं भरण पिसांचं की कृत्रिम, यावर ट्रेकर रात्र रात्र वाद घालतात. पिसांची बॅग हलकी आणि लहान होते, पण भिजली की तिचा ओला गोळा होतो आणि ऊब जाते. कृत्रिम भरण जड, पण ओलं असतानाही थोडीफार ऊब देतं आणि लवकर वाळतं. वर दिलेला प्रश्न विचारला तर या बेटासाठी माझं मत कृत्रिम भरणाच्या बाजूने पडतं. आधीच पिसांची असेल तर नवी घेऊ नका, फक्त तिच्यासाठी वेगळी जलरोधक पिशवी घ्या आणि ती तंबूत शिरल्याशिवाय उघडू नका.

खालच्या चटईकडे दुर्लक्ष होतं. अंगाखाली दबलेली बॅग ऊब धरत नाही. जमिनीची थंडी अडवण्याचं काम चटईचंच. तिची क्षमता आर-व्हॅल्यूने मोजतात. आपली नेहमीची फोमची कॅरी मॅट साधारण दोनच्या आत-बाहेर असते. तीनच्या वर असेल तर छान झोप लागते. हवेची महाग चटई परवडत नसेल तर दोन फोमच्या चटया एकावर एक टाका, त्यांची आर-व्हॅल्यू मिळवली जाते. फोमला भोक पडण्याची चिंताही नाही.

कपड्यांचा नियम सोपा आहे: सुती काही नको. जीन्स तर नकोच. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब ओढत राहतं. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, त्यावर फ्लीस, आणि सर्वांत वर टोपी असलेलं जलरोधक जॅकेट आणि पँट. आपल्याकडचा दुचाकीवाल्यांचा जाड रेनकोट पाणी आत येऊ देत नाही, पण घामही बाहेर जाऊ देत नाही. चढावर माणूस आतून भिजतो. पोंचो वाऱ्यात डोक्यावर उडतो. चालताना कपडे ओले झालेच तर मुक्कामी पोचल्यावर अंगावर चढवायला एक पूर्ण कोरडा जोड हवा: गंजी, लोकरी मोजे, विजार, कानटोपी. हा जोड फक्त तंबूत घालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कितीही जिवावर आलं तरी कालचे ओले कपडे पुन्हा चढवून निघायचं आणि कोरडे पिशवीत परत. तीन दिवसांच्या वाटेवर सगळ्यांत अवघड क्षण कुठला विचाराल तर मी ओला मोजा पायात घालण्याचा सांगेन.

बूट घोट्याच्या वर येणारे, आधी महिनाभर वापरून पायाला बसलेले. राकिउरा ट्रॅकचा बराच भाग खडी टाकलेला आणि फळ्यांचा आहे, त्यामुळे गुडघाभर चिखलाची भीती नाही; पण ओल्या फळ्यांवर आणि मुळांवर पाय सटकतो, तेव्हा खोल खाचांचा रबरी तळवा बघून घ्या. जलरोधक अस्तराचे बूट घोट्यावरून पाणी आत गेलं की दोन-दोन दिवस वाळत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवा. गेटर्स घेतल्या तर चिखल आणि पाणी दोन्ही बरंच बाहेर राहतं.

सॅकवरचं रेनकव्हर हे एक समाधान आहे, त्याहून जास्त काही नाही. पाणी पाठीकडून पट्ट्यांवरून ओघळत आत जातंच. न्यूझीलंडमध्ये ट्रेकर सॅकच्या आत जाड पिवळ्या प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालतात, तिला पॅक लायनर म्हणतात; तिथल्या ट्रेकिंगच्या दुकानांत स्वस्तात मिळते. सगळं सामान तिच्यात, तोंड पिळून दुमडायचं, मग सॅक बंद. हीच युक्ती आपल्या पावसाळी ट्रेकलाही लागू आहे. सामानाच्या खरेदीत पैसे कमी पडत असतील तर जॅकेट, तंबू आणि ही पिशवी यांवर तडजोड करू नका. बाकी चमचे-वाट्या, घडीच्या खुर्च्या, तीन पात्यांचे चाकू यांत पैसे घालवण्याची हौस पवनेच्या काठावर भागवून घ्या. एकूण ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहिलं तर चालण्यात मजा राहते.

तीन दगडांची चूल मांडून खिचडी शिजवण्याचा बेत असेल तर तो रद्द करा. लाकूड ओलं असतं आणि जंगल राखीव. हटमध्ये ऊब घेण्यापुरती लाकडाची शेगडी असते, पण स्वयंपाकाची सोय तिथेही नाही; तंबूत राहा किंवा हटमध्ये, स्टोव्ह तुमचा तुम्हालाच न्यावा लागतो. गॅसचा डबा कुठल्याही प्रवासी विमानात चालत नाही, ना केबिनमध्ये ना सामानात. इन्व्हरकार्गिलहून ओबनला जाणारं छोटं विमानही त्यात आलं. म्हणून बर्नर फक्त घरून न्यायचा, तोही वापरलेला असेल तर इंधनाचा वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन, आणि डबा इन्व्हरकार्गिलमध्ये विकत घेऊन बोटीने जायचं. बोटीवर चढताना डबा जवळ आहे हे सांगून टाका. बर्नर आट्यांचा हवा, कारण तिकडच्या ट्रेकिंगच्या दुकानांत आट्यांचे डबे सर्रास मिळतात. आपल्याकडच्या लांबट डब्यांवर बसणारा बर्नर तिथे अडचणीत आणू शकतो. डब्यावर आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण लिहिलंय का पाहा. नुसत्या ब्युटेनची शून्य अंशाच्या जवळपास वाफच होत नाही, आणि थंड सकाळी ज्योत मिणमिणत राहते. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही, आगीसाठीही आणि कार्बन मोनॉक्साइडसाठीही.

शिधा असा हवा की नुसत्या उकळत्या पाण्यात होईल. भाजून तयार केलेलं उपम्याचं पीठ, पातळ पोहे, झटपट शिजणारे नूडल्स, सुकवलेल्या जेवणाची पाकिटं. तिथल्या दुकानांत त्यांत शाकाहारीही मिळतात. तंबूतळावर टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी असतं, ओढेही भरपूर. ओढ्याचं पाणी चहासारखं तपकिरी दिसेल. कुजलेल्या पालापाचोळ्याचा तो रंग, त्याने काही होत नाही. होतं ते न दिसणाऱ्या जिआर्डिया या परजीवीने. म्हणून पाणी उकळा किंवा गाळणी न्या. गडावरच्या टाक्याचं पाणी पचवलेल्या पोटांनीही इथे शहाणपणा दाखवावा. खाण्याच्या पिशव्या रात्री घट्ट बंद करून आत घ्या; बेटावर उंदीर आणि पॉसम आहेत. साप, विंचू, अस्वल यांपैकी काही नाही.

सँडफ्लाय मात्र आहेत. चिलटाएवढी काळी माशी, किनाऱ्यावर थांबलेल्या माणसाला शोधून काढते. चालणाऱ्याला सहसा गाठू शकत नाही, अंधार पडला की जाते. चावल्याची खाज आठवडाभर पुरते. लांब बाह्या, मोजे आणि क्रीम. डीट असलेलं क्रीम प्रभावी असतं, पण चष्म्याच्या प्लॅस्टिकला आणि काही कृत्रिम कापडांना ते खातं. पिकारिडिनचं क्रीम सामानाला त्रास देत नाही. हेडटॉर्च घेताना लाल प्रकाशाची सोय असलेलाच घ्या. कीवी दिसला तर पांढरा झोत किंवा फ्लॅश मारायचा नसतो, आणि आकाश बघायलाही लालच बरा.

मोबाइलला ओबनबाहेर रेंज मिळेल हे धरून चालू नका. संकटात उपग्रहाला संदेश पाठवणारा पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजे पीएलबी, न्यूझीलंडमध्ये भाड्याने मिळतो, तो घ्याच. इथून सॅटेलाइट मेसेंजर विकत घेऊन नेण्याचा मोह टाळा. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट संपर्काचं साधन बाळगणं बेकायदेशीर आहे आणि त्यापायी विमानतळांवर प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. कुठल्या दिवशी कुठे मुक्काम आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हे घरच्या एका माणसाला लिहून द्या. तिथला आणीबाणीचा क्रमांक १११.

पोचायचं कसं, हा खरं तर प्रवास कंपनीच्या पत्रकाचा विषय, पण एक गोष्ट सामानाशी जोडलेली आहे. इन्व्हरकार्गिलजवळच्या ब्लफ बंदरातून ओबनला बोटीने एक तास लागतो. फोव्हो सामुद्रधुनी उथळ आहे आणि वाऱ्याच्या तोंडाशी. समुद्र चढला की तो एक तास फार लांब वाटतो, आणि फारच चढला की बोट सुटतच नाही. उलटीची गोळी लाटा सुरू झाल्यावर नव्हे, बोटीत बसण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची. परतीच्या बोटीच्याच दिवशी पुढचं विमान कधीही ठेवू नका, मध्ये एक दिवस मोकळा हवा. सॅकमध्येही एका दिवसाचा जास्तीचा शिधा असू द्या. ओबनमध्ये किराणा दुकान आहे, पण बोट बंद असेल तर त्या दुकानातही माल येत नाही. विमानाने जाणार असाल तर सामानाच्या वजनाची मर्यादा आधी विचारा. ते विमान म्हणजे मोजक्या खुर्च्यांचं, त्यात तुमची सॅकही प्रवाशासारखी तोलली जाते.

एका दिवसासाठी अल्वा बेटावर जाणार असाल तर सॅक पुन्हा एकदा उलटी करावी लागेल. पॅटरसन इनलेटमधलं हे छोटं बेट उंदीरमुक्त ठेवलेलं पक्ष्यांचं अभयारण्य आहे, आणि होडीत चढण्याआधी पिशवीत उंदीर किंवा बूट-मोज्यांत बी नाही ना, हे बघायला सांगतात. कप्पे उघडे ठेवलेल्या सॅकमध्ये खाऊच्या वासाने उंदीर खरंच जाऊन बसतात. राकिउराच्या आसपासची टीटी बेटं मात्र पर्यटकांसाठी नाहीत. तिथे मटनबर्ड या समुद्रपक्ष्याची पिल्लं धरण्याचा पिढीजात हक्क राकिउराच्या माओरी कुटुंबांचा आहे.

सगळं विकत घ्यायचं की भाड्याने? बूट, अंगालगतचे कपडे आणि जॅकेट स्वतःचे असावेत, कारण मापाचा प्रश्न असतो आणि सह्याद्रीत, हिमालयात ते पुढे वापरले जातात. तंबू, स्लीपिंग बॅग आणि स्टोव्ह न्यूझीलंडच्या मोठ्या पर्यटन-शहरांत भाड्याने मिळतात. वर्षातून एकदा तंबूत झोपणाऱ्याला तोच मार्ग सोयीचा. विमानतळावर मातीची चिंता कमी, सामानाचं वजनही कमी. मात्र भाड्याचा तंबू ताब्यात घेतल्यावर दुकानाच्या अंगणातच एकदा उभा करून बघा. मेखा मोजा, दांड्यांतला लवचीक दोर तुटलेला नाही ना ते बघा, दारांच्या चेन शेवटपर्यंत ओढा.

स्वतःचा तंबू नेला असेल तर परतीला इन्व्हरकार्गिलमध्ये मुक्कामाच्या खोलीत तो पसरून वाळवा, आंघोळीच्या पडद्याच्या दांडीवर, खुर्च्यांवर, दारावर, जिथे जागा मिळेल तिथे. ओला गुंडाळून विमानात टाकला तर घरी उघडेपर्यंत बुरशी धरते, आणि पडद्याच्या आतला लेप एकदा चिकट होऊन सुटायला लागला की तो तंबू पुन्हा पावसात नेण्याच्या कामाचा राहत नाही. घरी आल्यावर तो त्याच्या छोट्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा, मेखा वेगळ्या.